दाराला पाठ लावून

"बाईसाहेब, दिवा आणलाय."

बस्स, एवढंच. आयुष्यभर तिने रंगमंचावर हे एकच वाक्य म्हटलं, आणि त्यावरून अख्ख्या नाटक कंपनीत तिचं नाव दिवाबाई पडलं. भाऊ ताई म्हणायचा, भावजय वन्सं म्हणायची, पुतणी आत्या म्हणायची आणि उरलेलं जग दिवाबाई. भावजयीची जीभ मुळातच तिखट. कुणी पाहुणा आला आणि "ताई नाटकात काय करायच्या?" असं त्याने विचारलं, की ही पाण्याचा पेला पुढे करत म्हणायची, "आमच्या वन्संनी ना, जन्मभर दिवे लावले." पाहुणा हसायचा. दिवाबाईही हसायची. रोज कुणाकुणाशी भांडायचं?

ते नाटक एका जुन्या गाजलेल्या कादंबरीवरून केलेलं. कादंबरीतला एक तुकडा शाळेच्या पुस्तकात असायचा, त्यामुळे न वाचलेल्यांनाही गोष्ट तोंडपाठ होती. मोठं घर, नवरा परगावी गेलेला, घरात एकटी तरुण मालकीण आणि एक लोचट दीर. मालकीण झुरत जाते आणि शेवटी तापाने मरते. तिचं एक भलंमोठं स्वगत आहे, 'या घरात माझं ऐकायला कुणी नाही' असं सुरू होणारं. त्या स्वगताच्या आधी कादंबरीत एक ओळ येते: मोलकरीण दिवा ठेवून निघून गेली. झालं! मोलकरणीला नाव नाही, वय नाही, चेहरा नाही. अडीचशे पानांच्या पुस्तकात त्या बिचारीच्या वाट्याला एक ओळ आली, आणि ती ओळ दिवाबाईच्या वाट्याला.

तिचे वडील त्याच कंपनीचा कपडेपट सांभाळायचे. ती लहानपणापासून विंगेतच वाढली. मालकिणीची सगळी भाषणं तिला झोपेतून उठवलं तरी म्हणता यायची. कंपनीचा मालक म्हणाला होता, "आत्ता ही मोलकरीण कर, पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ म्हणजे काय हो? मालकिणी बदलत गेल्या. एक लग्न करून गेली, एक सिनेमात गेली, एकीचं मालकाशी फाटलं. प्रत्येक वेळी दिवाबाई ठेवणीतले कपडे घालून तालमीला जायची, आणि प्रत्येक वेळी बाहेरून कुणीतरी गोरीगोमटी आणलेली असायची. मालक तिची पाठ थोपटून म्हणायचा, "तू गेलीस तर दिवा कोण आणणार?" आणि ही वेडी त्या शब्दावर आणखी दोन-चार वर्षं काढायची.

आता दाराची गोष्ट. नेपथ्याचं दार होतं फळकुटांचं. या गावाहून त्या गावाला ट्रकमधून हेलपाटत जाऊन ते वाकडं झालं होतं आणि त्याची कडी काही केल्या बसत नव्हती. एका गावी ऐन स्वगतात, 'माझं ऐकायला कुणी नाही' म्हणता म्हणता, दार कर्रर्र करत आत उघडलं आणि मागे बशीतून चहा पिणारा सुतार सगळ्या थिएटरला दिसला. लोक पोट धरधरून हसले. मालकीणबाईंनी पडदा पडल्यावर जो थयथयाट केला तो विचारू नका. मालकाने दिवाबाईला बोलावलं आणि सांगितलं, "उद्यापासून दिवा ठेवलास की जाऊ नकोस. दार लावून घे आणि दाराला पाठ लावून उभी राहा. भाषण संपलं की जा."

म्हणून ती उभी राहिली. टाच दाराला रोवायची, पाठ टेकवायची आणि समोरच्या विंगेतल्या एका खिळ्याकडे बघत राहायचं, म्हणजे ताण चेहऱ्यावर दिसत नाही. आणि गंमत बघा. एका मोठ्या वर्तमानपत्राच्या समीक्षकाने लिहिलं, की दाराशी स्तब्ध उभी असलेली ती मोलकरीण म्हणजे दिग्दर्शकाच्या प्रतिभेचा कळस आहे, त्या नजरेत साऱ्या घराचं गुपित साठलेलं आहे. मालकाने कात्रण चौकटीत बसवून ऑफिसात टांगलं. पुढे दार नवं आलं, सुतारमामांनी कडीही चांगली बसवली, पण उभं राहणं काही सुटलं नाही. लोक आता ते बघायलाच यायचे. दिवाबाईची टाच तेव्हापासून दुखते ती आजतागायत.

मग कंपनी बुडाली. दिवाबाई भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला लागली. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टेकून खाट, खाटेखाली वडिलांची कात्र्या-सुयांची पेटी. शेजारपाजारचे कपडे उसवायचे, आत घ्यायचे, झालरी लावायच्या. टाच दुखायला लागली की मशीन थांबवून पाय हलवायचा. असे दिवस चालले होते, आणि एका दुपारी कादंबरीकार दारात उभा राहिला.

हा माणूस जुन्या नावाजलेल्या कादंबऱ्यांतली दुर्लक्षित माणसं उचलायचा. एका पुस्तकातला गाडीवान, दुसऱ्यातली दाई, तिसऱ्यातला पत्र आणून देणारा पोरगा, ज्यांच्याकडे मूळ लेखकाने ढुंकूनही पाहिलं नाही ते. त्यांना घेऊन हा त्याच काळातली रहस्यकथा रचायचा. मूळ पुस्तकात जो तापाने मेला त्याला खरं म्हणजे कुणी मारलं, हे तो गाडीवान किंवा ती दाई शोधून काढायची. पुस्तकं हातोहात खपायची. माणूस मात्र वागायला साधा होता. भावजयीने आणलेला चहा दोन्ही हातांनी घेतला, खाटेवरच बसला आणि म्हणाला, "मी सात-आठ वर्षांचा होतो तेव्हा आईबरोबर तुमचं नाटक पाहिलं. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती मोलकरीण दाराशी का उभी राहते? तुमच्या मनात काय असायचं त्या वेळी?"

दिवाबाईने तोंड उघडलं. 'अहो, कडी बसत नव्हती,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारत होतं, की बाई, तुझ्या मनात काय होतं. मालकाने कधी विचारलं नाही, भावाने नाही, समीक्षकाने तर नाहीच नाही. आणि त्या प्रश्नाचं उत्तर काय, तर कडी? तिने ओठ मिटले. मग हळूच म्हणाली, "मला सगळं ठाऊक असायचं."

"काय ठाऊक असायचं?" कादंबरीकार पुढे सरकला.

सुटली की मग ती! मालकिणीच्या दुधाला कसा वास यायचा, दीर कोणत्या वेळी जिना चढायचा, तो आत येऊ नये म्हणून मोलकरीण दार कसं अडवून उभी राहायची. इतकी वर्षं त्या खिळ्याकडे बघता बघता तिने हे सगळं डोक्यात रचलेलं होतंच, नुसतं उभं राहून माणूस वेडा होईल नाही तर. तो दर दोन-चार दिवसांनी यायला लागला. मोलकरणीचं सांगता सांगता ती स्वतःचंही सांगायला लागली. आई गेल्याची खबर दौऱ्यावर असताना तोंडाला रंग लावता लावता कळली होती, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. "मी तरीही उभी राहिले," ती म्हणाली. "हलले असते तर सगळं उघडं पडलं असतं." त्याने डोळे पुसले. शप्पथ, खरंच पुसले. जाताना म्हणाला, "हे पुस्तक तुमचंच आहे. आणि यावर नाटक होणार, ते मी करायला लावणार. यात मोलकरीण म्हातारपणी आपली हकिगत सांगते. ते काम तुमच्याशिवाय कोण करणार?"

तो जिना उतरेपर्यंत दिवाबाई दारात उभी होती. मग आत येऊन तिने मशीनवरचा कपडा उलटा शिवला.

"वन्सं, उडू नका," भावजय म्हणाली. "लेखकांच्या जिभेला हाड नसतं."

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही," दिवाबाई फटकन बोलली. त्या घरात राहायला आल्यापासून ती भावजयीला पहिल्यांदा उलटून बोलली होती. भावजय भांडी घासायला निघून गेली.

पुस्तक आलं आणि गाजलं. मोलकरणीला त्याने छानसं नाव दिलं होतं, माहेर दिलं होतं, गालावर तीळसुद्धा दिला होता. दिवाबाईने पुतणीला प्रस्तावना मोठ्याने वाचायला लावली. पुतणी वाचत गेली आणि शेवटाकडे अडखळली. "पुढे वाच की," दिवाबाई म्हणाली. पुतणीने वाचलं, "जुन्या जमान्यातील एका वयोवृद्ध नटीशी झालेल्या गप्पांचाही मला उपयोग झाला." मग दिवाबाईच म्हणाली, "नाव आठवलं नसेल गं. दिवाबाई असं कुठे छापतात का?" तिने पुस्तक उशाशी ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाठांतर सुरू केलं. तिला काम हवं होतं, प्रस्तावना घेऊन काय करायची?

सगळा हिवाळा पुतणी पुस्तक धरून बसायची आणि आत्या खोलीतल्या खोलीत फिरत म्हातारीची भाषणं म्हणायची. टाचेला फडकं बांधून म्हणायची. भावजय स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा डाळ लागली तरी तिच्या लक्षात आलं नाही. "चांगलं करता हो वन्सं," ती पातेलं खरवडत म्हणाली, आणि तिच्या तोंडून हे ऐकून दिवाबाईच्याच डोळ्यांत पाणी आलं.

अखेर नव्या नाटकाचं बोलावणं आलं. दिग्दर्शक तरुण होता, अदबीने उठून उभा राहिला, स्वतः खुर्ची पुढे केली. दिवाबाई बसली नाही. म्हणाली, "कुठून म्हणू? पहिलं भाषण म्हणू की शेवटचं?"

"तुम्ही?" तो गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो, तेच तर वाईट. "अहो, काम तर ठरलंय." त्याने सिनेमातल्या एका नामांकित नटीचं नाव घेतलं. वय पस्तिशीचं. "मेकअपने म्हातारी करू. तिच्या नावावर तिकिटं जातात हो. तुम्हाला बोलावलंय ते वेगळ्यासाठी. दाराशी ते उभं राहणं आहे ना, तुमचं ते जगप्रसिद्ध, ते तिला शिकवा."

कादंबरीकारही तिथेच बसला होता. दिवाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. बराच वेळ पुसत होता. "मी खूप सांगितलं त्यांना," तो शेवटी म्हणाला. त्याने अवाक्षरही काढलं नसणार हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

तुम्ही-आम्ही असतो तर तिथून तडक घरी गेलो असतो. दिवाबाई शिकवायला गेली. का? तर थिएटरचा वास. पडद्याचा धुरळा, तापलेल्या दिव्यांचा वास, रंगाचा डबा. माणसाला मान नसतो तिथेही माणूस जातो, दुसरीकडे जाणार कुठे?

सिनेमावाली नटी गोड होती. दाराला पाठ लावून उभी राहिली, दोन मिनिटांत अवघडली आणि म्हणाली, "आजी, या वेळी मी नेमका कसला विचार करू?"

दिवाबाईचा सगळा संताप तिथे वर आला. "कसला विचार? काही विचार नाही. कडी बसत नव्हती. दार उघडू नये म्हणून मला उभं केलं होतं. बाकी सगळं थोतांड आहे."

दिग्दर्शक टाळी देऊन हसला. नटी हसली. कादंबरीकार सगळ्यांत मोठ्याने हसला. "काय विनोदी आहेत हो या!" नटी डोळे टिपत म्हणाली. कोपऱ्यात रंधा मारत बसलेले सुतारमामा तेवढे हसले नाहीत. पूर्वीच्या कंपनीतले तेच, बशीतून चहा पिणारे. त्यांनी मान खाली घालून रंधा आणखी जोरात चालवला.

पुढची गंमत तर याहून भारी. दिग्दर्शकाला सगळं अस्सल हवं होतं. त्याने कुठल्यातरी पाडलेल्या घराचं जुनं लाकडी दार आणलं, जाडजूड, लोखंडी कडं असलेलं. रंगमंच पुढे उतरता. दार आपल्या वजनाने आत उघडायचं. आणि नव्या नाटकात मोलकरीण दाराशी थोडा वेळ उभी राहून मग पुढे प्रकाशात येते आणि ते शेवटचं मोठं भाषण करते. मग दाराला पाठ कोण लावणार? दिग्दर्शकाने डोकं खाजवलं आणि त्याची नजर दिवाबाईवर गेली. "तुम्ही मागून कडं धरून उभ्या राहाल का? फक्त भाषण संपेपर्यंत. तुम्हाला सवय आहे."

"आहे," दिवाबाई म्हणाली.

घरी कळल्यावर भावजयीने लाटणं आपटलं. "वन्सं, आता मात्र जायचं नाही. इतकी लाज सोडू नये माणसाने. आम्ही इथे खायला घालत नाही का तुम्हाला?"

"जाणार," दिवाबाई म्हणाली. "पहिल्या प्रयोगाला तर जाणारच." तिने काय ठरवलंय ते तिने पुतणीला तेवढं सांगितलं. ऐन भाषणात ती कडं सोडणार होती. दार उघडणार, आणि दारात ती. तोंडाला रंग नाही, अंगावर घरचे कपडे, खरी म्हातारी. सगळ्या थिएटरने एकदा बघावं. हसले तर हसू देत. पण बघावं. पुतणी घाबरली, मग म्हणाली, "आत्या, केस नीट विंचरून जा हं."

पहिला प्रयोग रविवारी दुपारचा होता. थिएटर खच्चून भरलेलं. कादंबरीकार पहिल्या रांगेत होता. केस विंचरलेली दिवाबाई दारामागे अंधारात दोन्ही हातांनी कडं ओढून धरून उभी होती. टाच ठणकत होती. पलीकडे ती नटी दारापासून हलली, तिची पावलं पुढे गेली आणि भाषण सुरू झालं.

"मला कुणी कधी पाहिलं नाही," नटी म्हणाली. थिएटर चिडीचूप. "आई गेल्याचं कळलं तेव्हाही मी उभीच राहिले. हलले असते तर सगळं उघडं पडलं असतं."

पुस्तकातही हे होतं, दिवाबाईने हिवाळाभर हेच घोकलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून, भरल्या थिएटरसमोर, आपली आई! कुणीतरी बाई हुंदका देत होती. नाकं ओढल्याचे आवाज येत होते. माझ्या आईसाठी मी रडले नाही, तोंडावर रंग होता म्हणून, आणि ही परकी माणसं तिकीट काढून रडतायत. बास झालं. तिने एक श्वास घेतला, कपाळावरची बट मागे सारली, मान वर केली आणि कडं सोडून दिलं.

दार हललं नाही.

ती थांबली. आता उघडेल, आता उघडेल. मग तिने हाताने दार पुढे लोटलं. नंतर खांद्याने. दार जागचं हललं नाही. पलीकडे भाषण टिपेला पोहोचलं होतं.

सुतारमामा विंगेतून चहाची बशी सांभाळत आले आणि तिला बघून थबकले. "अगं, तू इथे काय करतेस?" ते कुजबुजले. "सकाळी तालमीच्या वेळीच मी पुढच्या बाजूने खिट्टी बसवली. आपल्या त्या वेळच्या दारासारखी फजिती नको म्हणून. पक्की बसलीय, आता धरायची गरज नाही. दिग्दर्शकांना सांगितलं होतं मी. तुला कुणी बोललं नाही?"

दिवाबाईने नाही म्हणून मान हलवली.

"विसरले असतील," मामा म्हणाले. त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी बशी तिच्यापुढे धरली. "घे, गरम आहे. आणि जा तू घरी. इथे काही काम नाही तुझं."

पलीकडे टाळ्या सुरू झाल्या होत्या, पण भाषणाच्या शेवटच्या ओळी अजून राहिल्या होत्या. त्या ओळी दिवाबाईला पाठ होत्या. तिने चहा घेतला नाही. हात पुन्हा कड्यावर ठेवले आणि घट्ट धरले.

"जाते," ती म्हणाली. "भाषण संपलं की जाते."